चिंचेची आठवण

खोटे बोलायला धैर्य लागते असे लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. खरे बोलायलाच अधिक धैर्य लागते. आणि खरे बोलत असताना ते समोरच्याला खरे वाटावे यासाठी तर धैर्याच्या जोडीला थोडे नाट्यकौशल्यही अंगी असावे लागते. हे कौशल्य माझ्यापाशी मुळीच नाही. लोकलच्या डब्यात तिकीट-तपासनीस शिरला की माझी छाती धडधडू लागते. पास जवळ असतो, त्याची मुदत संपलेली नसते, तरी धडधडते. मी आधी डावा खिसा चाचपतो, मग उजवा, मग पिशवी. आणि पास निघतो तो चष्म्याच्या घरातून. तपासनीस तो उलटसुलट करून पाहतो आणि पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे पाहतो. तेवढ्या वेळात माझ्या शेजारचा विनातिकीट तरुण गाणे गुणगुणत दादरला उतरून गेलेला असतो.

परीक्षेच्या वर्गात माझी भूमिका बदलते. तिथे तपासनीस मी. वीसेक वर्षे पर्यवेक्षण करून एवढे मात्र शिकलो की भेदरलेला चेहरा हा पुरावा नव्हे. मी बाकाजवळ गेलो की एखाद्या सालस मुलीच्या हातून पेन खाली पडते. आणि ज्याच्या बाहीत नक्षत्रमालेसारखी बारीक अक्षरांची चिठ्ठी दडलेली असते तो चिरंजीव माझ्याकडे पाहून प्रसन्न हसतो आणि म्हणतो, "सर, एक पुरवणी द्या ना!"

अशा माणसाला असत्यशोधक यंत्राविषयी कुतूहल वाटावे, आणि थोडी धास्तीही वाटावी, हे साहजिक आहे. वर्तमानपत्रात 'आरोपीची पॉलिग्राफ चाचणी होणार' अशी बातमी आली की आमच्या घरी चहाच्या कपाबरोबर तिची चर्चा होते. "आता सगळं बाहेर येईल," असे सौभाग्यवती म्हणतात. काय बाहेर येईल, हाच खरा प्रश्न आहे.

या यंत्राला आता शंभरावर वर्षे झाली. अमेरिकेत बर्कली येथे जॉन लार्सन नावाचा, शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला एक पोलीस होता. त्याने १९२१ साली नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची रेघ एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र वापरात आणले. त्याच्याही आधी विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने केवळ रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचा दावा केला होता. त्याचा पुरावा वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९२३ साली स्वीकारला नाही. मार्स्टन मात्र हार मानणारा नव्हता. त्याने पुढे १९४१ साली 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली आणि तिच्या हातात एक दोर दिला. त्या दोरात अडकलेल्या माणसाला खरेच बोलावे लागते! न्यायालयात जे जमले नाही ते चित्रांच्या पुस्तकात जमले. लार्सनची गत याच्या उलट. आपण जन्माला घातलेल्या यंत्राचा उपयोग लोक कसा करतात हे पाहून तो उतारवयात त्याचा विरोधकच बनला.

यंत्र तसे साधे आहे. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाची ओल टिपणाऱ्या पट्ट्या. या सर्वांतून कळते ते एवढेच की माणूस क्षुब्ध झाला आहे. क्षोभ कशाचा, हे त्यातले काहीच सांगत नाही. खोटेपणाची म्हणून वेगळी अशी धडधड देहात नसते. राग, लाज, भीती, अपमान या सर्वांची धडधड एकच.

ही उणीव चाचणी घेणाऱ्यांनाही ठाऊक होती. म्हणून १९४७ साली जॉन रीड याने एक तोड प्रसिद्ध केली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. मुद्द्याच्या प्रश्नाच्या आसपास दुसरे काही प्रश्न पेरायचे. मुद्द्याचा प्रश्न असा, "तिजोरीतले पैसे तुम्ही घेतलेत का?" आणि पेरलेला प्रश्न असा, "विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोललात का?" आता असे कोण बोललेले नसते? पण परीक्षक आधीच वातावरण असे तयार करतो की माणसाने ओशाळून 'नाही' म्हणावे. मग हिशेब सोपा. चोर तिजोरीच्या प्रश्नाला अधिक दचकेल; साव माणूस तिजोरीला घाबरणार नाही, त्याला आपली जुनी लबाडी बोचत राहील. कोणती रेघ अधिक उंच गेली ते पाहायचे आणि निकाल द्यायचा.

वाचकांच्या ध्यानात एक गंमत आलीच असेल. या पद्धतीत साव ठरण्यासाठी पेरलेल्या प्रश्नाला दचकावे लागते. मग ज्याला हे गुपित कळले, त्याने त्याच प्रश्नाला मुद्दाम दचकून घेतले तर? जीभ दाताखाली हळूच चावायची, बुटातल्या बुटात अंगठा जमिनीवर दाबायचा, किंवा काहीही न हलवता मनातल्या मनात एखाद्या मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करीत जायचे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माझ्यासारख्याला तर तीन वजाबाक्यांत दरदरून घाम फुटेल. पेरलेल्या प्रश्नाची रेघ उंच गेली की मुद्द्याच्या प्रश्नाची रेघ आपोआप ठेंगणी दिसते. चकवा म्हणतात तो एवढाच.

आणि गेली कित्येक वर्षे वाद चालला आहे तो यावरच. हा चकवा परीक्षकाला ओळखता येतो की नाही?

ओहायो राज्यातल्या फ्लॉइड फे या माणसाची हकीकत या वादात नेहमी निघते. त्याच्यावर खुनाचा आळ आला. तो निर्दोष होता, आणि निर्दोष होता म्हणूनच बिनदिक्कत चाचणीला बसला. यंत्राने त्याला खोटा ठरवले. १९७८ साली त्याला जन्मठेप झाली. खरे खुनी सापडून तो १९८० साली सुटला. पण मधल्या काळात त्याने तुरुंगात बसून या यंत्राचा अभ्यास केला. तुरुंगातल्या कैद्यांनाही लहानसहान गुन्ह्यांसाठी ही चाचणी द्यावी लागे. फेने अशा २७ कैद्यांना पंधरा-वीस मिनिटांची शिकवणी दिली. सगळ्यांनी त्याच्यापाशी आपला गुन्हा कबूल केलेला होता. त्यांतले २३ जण चाचणीत साव म्हणून पार पडले. पंधरा मिनिटांत शेकडा पंचाऐंशी निकाल! आमच्या महाविद्यालयात वर्षभर घसा कोरडा करून तो लागत नाही.

तुरुंगातली गोष्ट म्हणून कुणी ती बाजूला सारील. पण १९९४ साली हॉन्ट्स, रॅस्किन आणि कर्चर या तीन संशोधकांनी प्रयोगशाळेत हेच पडताळून पाहिले. लुटुपुटीची चोरी केलेल्यांना अर्ध्या तासाच्या आत युक्त्या शिकवल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी यंत्राला चकवले. अंगठा दाबणारे आणि मनात आकडे मोजणारे दोघेही सारखेच यशस्वी झाले. चकवा ओळखणे पाहणाऱ्यालाही अवघड गेले आणि यंत्रालाही. हे संशोधक काही यंत्राचे शत्रू नव्हते, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट.

परीक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही रोज माणसे पाहतो; बनावट धडधड आणि खरी धडधड यांतला फरक आम्हाला रेघेवरून कळतो. शिवाय आता खुर्चीच्या बैठकीत आणि पायाखाली हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बसवतात. अंगठा दाबला की कळते. हे खोटे नाही. अंगठा कळतो. पण मनातली वजाबाकी कोणत्या पट्टीला कळणार? आणि 'आम्हाला ओळखता येते' या म्हणण्यात एक मोठी गोम आहे. जे चकवे पकडले गेले तेवढेच परीक्षकाला दिसतात. जो सुटला तो साव म्हणून नोंदला जातो, आणि जाताना हात मिळवून जातो. कॉपी पकडण्याच्या बाबतीत आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणत, "माझ्या हातून एकही सुटत नाही." सुटलेल्यांपैकी कुणी येऊन त्यांना सांगणार होते थोडेच!

सुटलेले कधीकधी फार उशिरा कळतात. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला आल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोविएत रशियाला गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या तो पार पडला. पकडला गेला १९९४ साली. रशियनांनी त्याला कोणती अघोरी विद्या शिकवली होती? तर, रात्री चांगली झोप घे, ताजातवाना होऊन जा, परीक्षकाशी गोडीगुलाबीने वाग! परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुलांना हेच सांगत आलो आहे. क्यूबासाठी हेरगिरी करणारी आना माँटेस हिनेही १९९४ साली ही चाचणी दिली होती आणि ती त्यात उत्तीर्ण झाली होती. तिला अटक झाली २००१ साली.

आणखी एक गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. डग विल्यम्स नावाचे गृहस्थ पूर्वी ओक्लाहोमा सिटीच्या पोलिसांत स्वतःच ही चाचणी घेत. पुढे ते तिच्यातून पार पडण्याची शिकवणी घेऊ लागले. सरकारने वेषांतर केलेली माणसे त्यांच्याकडे पाठवली. 'आम्हाला सरकारी चाचणीत खोटे बोलायचे आहे' असे सांगणाऱ्यांनाही त्यांनी शिकवले, म्हणून २०१५ साली त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने ती योग्य असेल. पण माझ्या मनात आपले एक भाबडे कोडे उरतेच. चकवा जर हमखास ओळखता येत असेल, तर तो शिकवणाऱ्याची एवढी धास्ती कशाला?

२००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा यावर मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. एखाद्या घडलेल्या गुन्ह्याबाबत, युक्त्या न शिकलेल्या माणसांवर, हे यंत्र निव्वळ नाणेफेकीपेक्षा बरेच चांगले चालते, पण बिनचूक मुळीच नाही, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. मात्र चकव्यांनी त्याचा बोजवारा उडू शकतो, आणि सरसकट सर्व नोकरांची चाळणी लावायला ते उपयोगाचे नाही, असेही सांगितले. त्यात एक उदाहरण आहे. दहा हजार नोकर आहेत आणि त्यांत दहा हेर आहेत, असे समजा. दहांतले आठ सापडतील अशा बेताने चाचणी लावली तर त्या आठांबरोबर जवळजवळ सोळाशे निरपराध माणसे जाळ्यात येतात. आणि दोन हेर तरीही सुटतात. त्या सोळाशेंत तिकीट-तपासनिसाला घाबरणारे माझ्यासारखे किती असतील, याचा हिशेब अहवालात नाही.

हे सगळे अमेरिकेचे खूळ, असे म्हणून आपल्याला नामानिराळे राहता येणार नाही. आपल्या धर्मशास्त्रात दिव्यांचा मोठा प्रपंच आहे. तुला, अग्नी, जल, विष, कोश, तंदुल अशी त्यांची नावे. कात्यायनाची स्मृती मूळ रूपात नष्ट झाली. महामहोपाध्याय काणे यांनी तिचे विखुरलेले श्लोक जमवून १९३३ साली प्रसिद्ध केले. ते चाळताना मी एका ठिकाणी थबकलो. कात्यायन सांगतो की लोहाराला अग्नीचे दिव्य देऊ नये, पाण्यावर पोट असलेल्याला पाण्याचे देऊ नये, मंत्र आणि योग जाणणाऱ्याला विषाचे देऊ नये, आणि ज्याच्या तोंडाला रोग आहे त्याला तांदळाचे देऊ नये. म्हणजे कोण चकवू शकतो आणि कोण विनाकारण अडकू शकतो, या दोन्ही गोष्टींचा विचार त्या काळी झालेला होता! अग्निदिव्याआधी हातावर भात चोळून जुने व्रण नोंदून ठेवीत. मराठेशाहीत उकळत्या तेलातून रवा काढायचा असे, तेव्हा आधी हात धुऊन नखे काढीत आणि नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत. खुर्चीखालच्या पट्ट्यांची ही पणजीच म्हणायची. वाद जुना आहे. फक्त तारा नव्या आहेत.

त्यातले तांदळाचे दिव्य तर माझ्या आजीने लहानपणी प्रत्यक्ष पाहिले होते. तिचे माहेर राजापूरकडचे. घरातली नथ नाहीशी झाली, तेव्हा भगताला बोलावून तांदूळ मंतरून घेतले आणि घरातल्या झाडून सगळ्यांना ओसरीवर बसवून ते चघळायला लावले. ज्याचे तांदूळ कोरडे राहतील तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे त्यातले शास्त्र. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिच्या शेजारी तिचा थोरला भाऊ बसला होता. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "गाभुळलेली चिंच आठव!" आजीने चिंच आठवली. तोंडाला पाणी सुटले. त्याने पुढच्या भावंडाला सांगितले, त्याने त्याच्या पुढच्याला. केळीच्या पानावर सगळ्या मुलांचे तांदूळ ओले पडले. कोरडे पडले ते एकट्या काशीचे. काशी पाणी भरायला येत असे. तिला कुणी चिंच सांगितली नव्हती.

काशी पुन्हा त्या घरी आली नाही. नथ कधीच सापडली नाही. आजी म्हातारपणी उन्हात चिंचा फोडायला बसली की मध्येच थांबून म्हणायची, "तिला कोण सांगणार होतं रे?"

मुलांनी केला तो चकवाच होता. पण ती मुले चोर नव्हती. मंतरणाऱ्या भगताला मनातली चिंच दिसणे शक्य नव्हते, आणि काशीच्या तोंडची कोरड कशामुळे, हेही दिसणे शक्य नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच पडद्याआड होत्या. जो एक ओळखू शकत नाही, तो दुसरी ओळखतो असे कसे मानावे?

ही गोष्ट गेल्या वर्षी मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला सांगितली. तो एका खाजगी कंपनीत रोखपालाच्या हाताखाली कामाला होता. तिथे काही रक्कम कमी भरली. ज्यांचे मन स्वच्छ असेल त्यांनी चाचणीला बसावे, अशी सूचना वरून आली. तो रात्री नऊला माझ्याकडे आला. चहा समोर निवून गेला तरी त्याने घोट घेतला नाही.

"सर, मी पैसे घेतले नाहीत," तो म्हणाला. "पण मी बसलो की घाबरणार, हे मला ठाऊक आहे. एक मित्र म्हणतो, अंगठा दाबायची युक्ती कर. खरं बोलणाऱ्यानं अशी युक्ती करावी का?"

मराठीच्या अध्यापकाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, आणि म्हणूनच कदाचित त्याने तो मला विचारला. युक्ती केली आणि पकडला गेला, तर निरपराध असून कारस्थानी ठरणार. नाही केली, तर आपल्या घामाच्या हवाली. मी म्हणालो, "अरे, तू खरं बोलतोस यावर माझा विश्वास आहे. खरेपणासाठी लबाडी करायला मी तुला सांगणार नाही. पण घाबरण्याची परीक्षा द्यायला बसलंच पाहिजे, असं कुणी सांगितलं?"

मग त्याला मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविषयी सांगितले. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या पीठाने असे ठरवले की पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कुणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे, आणि आपले मन आपल्यापाशी ठेवण्याची मोकळीक असणे, हे आपल्या घटनेने दिलेले संरक्षण आहे. तो खटला पोलीस तपासाचा होता, त्याच्या कंपनीचा नव्हता, हेही मी स्पष्ट केले. अमेरिकेने तर १९८८ सालीच कायदा करून बहुतेक खाजगी मालकांना नोकरांवर हे यंत्र चालवायला बंदी घातली, हेही सांगितले.

त्याने दुसऱ्या दिवशी एक पत्र लिहून दिले. तोंडी, लेखी, हिशेबाच्या वह्या समोर ठेवून, जो विचाराल त्या प्रश्नाचे उत्तर देईन. पोलिसांत तक्रार दिलीत तर तिथेही देईन. तारा मात्र लावून घेणार नाही. पत्र मी वाचले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्याला कामावरून काढले नाही. पण रोकड विभागातून काढून गोदामात बसवले. चार महिन्यांनी त्याने ती नोकरी सोडली. पैशांचे काय झाले ते कळले नाही. चाचणीला बसलेले बाकीचे सगळे पार पडले, एवढे कळले.

नवीन नोकरी लागली तेव्हा तो पेढे घेऊन आला. पेढ्यांचा पुडा पुढे करीत म्हणाला, "सर, अजून कधीकधी वाटतं, बसायला हवं होतं. तिथल्या लोकांना वाटत असेल…"

पुढचे त्याला बोलवले नाही. त्याचा हात थोडा थरथरत होता. तिथे यंत्र असते तर त्याने ती थरथर टिपली असती, आणि शेजारी बसलेल्या कुणी तिला एक नावही देऊन टाकले असते. मी एक पेढा उचलला आणि त्याला आईची प्रकृती विचारली.